कॉलेजांत असतांना सैनिकी प्रबोधिनीचा अर्ज

(ज्युबिलीनिमित्त बपेरा येथें जमलेल्या तरुण-तरुणींपुढें व त्यांच्या पालकांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. ज्यांनीं विटा वाहिल्या, ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली, ज्यांनीं येथल्या मुलांना अक्षरओळख करून दिली, त्यांचें स्मरण इतर वक्ते करतीलच. आम्हांस मात्र पुढच्या पिढीविषयीं बोलण्याची आज्ञा झाली आहे. त्यांतही एका अगदीं व्यवहारी प्रश्नाविषयींच बोलावें असें आम्हीं ठरविलें आहे. कॉलेजांत शिकत असलेल्या मुलास अगर मुलीस सैन्यांत अधिकारी व्हावयाचें असेल तर त्यानें किंवा तिनें काय करावें, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न येथेंच कां उपस्थित व्हावा, हें आपणांस सांगावयास नको. हिवाळ्याच्या दिवसांत तुमसरहून बपेऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या धुक्यांत तरुण मुलें धांवतांना दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठीं छाती व पाय तयार करीत असतो, कोणी सैन्यभरतीसाठीं. त्यांपैकीं पुष्कळजण तुमसरच्या किंवा भंडाऱ्याच्या कॉलेजांत जाणारे असतात. त्यांना थांबवून, "अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे काय?" असें विचारलें तर बहुधा तीनच उत्तरें मिळतात. एक म्हणतो, "तें बारावीच्या मुलांचें काम; आमची वेळ गेली." दुसरा म्हणतो, "त्यासाठीं कॉलेज सोडून शहरांत क्लास लावावा लागतो. तेवढा पैसा घरीं नाहीं." तिसरा म्हणतो, "तें मोठ्या घरच्या, इंग्रजी शाळेंतल्या मुलांसाठीं आहे." हीं तिन्ही उत्तरें आम्हांस अपुरीं वाटतात. त्यांचाच आज क्रमानें विचार करूं.

तत्पूर्वीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिपाई होण्यांत कोणताही कमीपणा नाहीं. देशाची सीमा प्रथम शिपायाच्या खांद्यावर उभी असते, आणि ज्या अधिकाऱ्यास शिपायाचें मोल कळत नाहीं तो अधिकारी नांवालाच. परंतु २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेनें शिपायाची पहिली नेमणूक चार वर्षांची केली, आणि मूळ योजनेप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा २५ पर्यंतच तरुणांस पुढें कायम करावयाचें ठरलें. म्हणून जो मुलगा कॉलेजांत शिकत आहे, ज्याच्या अंगीं अभ्यासाची कुवत आहे, त्यानें दोन्ही वाटा पाहून मग एक निवडावी. दुसरी वाट आहे हेंच ठाऊक नसल्यामुळें पहिली धरणें, याला निवड म्हणत नाहींत.

आतां पहिलें उत्तर: "आमची वेळ गेली." आपण धानाच्या मुलखांतली माणसें आहोंत, म्हणून वेळेचें महत्त्व आपणांस शिकवावें लागत नाहीं. पऱ्हे फार दिवस तसेच ठेवून मग रोवणी केली तर फुटवे कमी येतात. उलट एका बांधींतली रोवणी चुकली म्हणून कोणी सगळें शेत पडीत टाकीत नाहीं. सैनिकी प्रबोधिन्यांचेंही असेंच आहे. तेथें दरवाजा एक नाहीं, अनेक आहेत, आणि प्रत्येकास त्याच्या वयाची मर्यादा आहे. आपण कोणत्या दरवाजासमोर उभे आहोंत, हें जन्मतारखेवरून ओळखावें.

पहिला दरवाजा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या एन्. डी. ए. चा. ही संस्था आपल्याच महाराष्ट्रांत, पुण्याजवळ खडकवासला येथें आहे. तिची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें झाली, आणि जानेवारी १९५५ मध्यें तिचें उद्घाटन झालें. दुसऱ्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेंत भारतीय सैनिकांनीं जें बलिदान केलें त्याच्या स्मरणार्थ सुदानकडून देणगी मिळाली होती. म्हणून तेथील मुख्य इमारतीस आजही सुदान ब्लॉक हें नांव आहे.

या प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. बारावीस असलेला किंवा बारावी उत्तीर्ण झालेला अविवाहित उमेदवार तिला बसूं शकतो. लष्करासाठीं बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व हवाई दल यांसाठीं पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असावे लागतात. उमेदवार कॉलेजांत दाखल झाला म्हणून तो अपात्र ठरत नाहीं. अट आहे ती वयाची. प्रबोधिनींतील वर्ग सुरू होतांना वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावें लागतें. परीक्षा आणि वर्गारंभ यांमध्यें सुमारें नऊ महिने जातात. म्हणून ज्याला परीक्षेच्या दिवशीं पावणेएकोणीस वर्षें पूर्ण झालेलीं नाहींत, त्याच्यासाठीं हा दरवाजा बहुधा उघडा आहे असें समजावें. प्रत्येक परीक्षेच्या जाहिरातींत चालणाऱ्या जन्मतारखा छापलेल्या असतात. शेवटचा निर्णय त्यांवरूनच करावा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी, आणि दुसऱ्या वर्षांतले लहान वयाचे कांहीं विद्यार्थी, यांत बसतात.

लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांत गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० गुण. प्रत्येक प्रश्नपत्रिकेस अडीच तास. सामान्य क्षमतेच्या ६०० पैकीं २०० गुण इंग्रजीचे आहेत. उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. म्हणून अंदाजानें खुणा करीत जाण्याची संवय घातक ठरते. लेखी परीक्षेंत निवडल्या गेलेल्यांस पुढें निवड मंडळासमोर जावें लागतें; तेथेंही ९०० गुण आहेत.

कॉलेजच्या विद्यार्थ्यानें येथें एक हिशेब मनाशीं करावा. प्रबोधिनींतील तीन वर्षांचें शिक्षण पहिल्यापासून सुरू होतें, आणि शेवटीं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. कॉलेजांत घालविलेलें वर्ष तेथें जमेस धरलें जात नाहीं. तें एक वर्ष खर्चीं पडलें असें कोणास वाटेल. परंतु एका वर्षाच्या मोबदल्यांत सरकारी खर्चानें शिक्षण, निवास, भोजन, गणवेष व औषधोपचार मिळत असतील आणि पुढें नेमणूक मिळत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा म्हणतां येणार नाहीं.

मुलींकडे आम्ही आतां विशेष लक्ष वेधूं इच्छितों. पुष्कळ वर्षें हा दरवाजा त्यांना बंद होता. ऑगस्ट २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मुलींस परीक्षेला बसूं द्यावें असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या प्रथम परीक्षेस बसल्या. २०२२ मध्यें १९ मुली खडकवासल्यास दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांपैकीं १७ जणी शिक्षण पुरें करून संचलनानें बाहेर पडल्या. ज्या आईबापांना वाटतें कीं हें आपल्या मुलीचें काम नव्हे, त्यांनीं या सतरा जणींचा विचार करावा. त्यांच्याही घरीं हाच प्रश्न कोणी तरी विचारला असेल.

दुसरा दरवाजा पदवीधरांचा. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजेच सी. डी. एस्., हीदेखील संघ लोकसेवा आयोगाकडून वर्षांतून दोनदां होते. पदवीच्या शेवटच्या वर्षांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तिला बसतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पदवी हातीं येण्याची वाट पाहत जे बसतात ते आपल्या हातानें वर्ष दवडतात. या परीक्षेंतून चार ठिकाणीं जातां येतें. डेहराडूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीस कोणत्याही शाखेची पदवी चालते. केरळांत एझिमला येथें असलेल्या नौदल प्रबोधिनीस अभियांत्रिकीची पदवी लागते. हैदराबादजवळ दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनीस बारावीला गणित व पदार्थविज्ञान घेतलेलें असावें, किंवा अभियांत्रिकीची पदवी असावी. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीस पुन्हां कोणत्याही शाखेची पदवी चालते. वयाची मर्यादा सामान्यतः डेहराडून व एझिमला येथें १९ ते २४, दुंडिगल येथें २० ते २४, आणि चेन्नई येथें १९ ते २५ अशी असते.

इंग्रजी, सामान्य ज्ञान व प्राथमिक गणित असे प्रत्येकीं १०० गुणांचे तीन विषय असतात. चेन्नईसाठीं गणित लागत नाहीं. केवळ इंग्रजी व सामान्य ज्ञान पुरतें. कला शाखेंतल्या ज्या मुलामुलींस गणिताचें भय आहे त्यांनीं हें नीट लक्षांत ठेवावें. चेन्नईचा दरवाजा मुलींसाठीं १९९२ पासूनच उघडा आहे. मात्र तेथून मिळणारी नेमणूक प्रथम दहा वर्षांची असते, आणि ती पुढें वाढविण्याची सोय आहे.

कॉलेजांतून या वाटेनें जाणें ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे. १९३२ सालीं डेहराडूनची सैनिकी प्रबोधिनी उघडली तेव्हां अमृतसरच्या एका डॉक्टरांचा मुलगा तेथील हिंदुसभा कॉलेजांत शिकत होता. त्याला वैद्यकी शिकण्यासाठीं विलायतेस जावयाचें होतें. वडिलांनीं नकार दिला. त्यानें कॉलेजची परीक्षा दिली, ती तिसऱ्या वर्गांत उत्तीर्ण केली, आणि दिल्लीस जाऊन प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस बसला. खुल्या स्पर्धेंतून घेतलेल्या पंधरा जणांत त्याचा क्रमांक सहावा आला. तेच पुढें फील्ड मार्शल सॅम माणेकशा झाले. कॉलेजांतला तिसरा वर्ग हा त्यांच्याविषयींचा शेवटचा शब्द ठरला नाहीं, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

तिसरा दरवाजा एन्. सी. सी. चा, आणि त्याविषयीं आम्ही विशेष आग्रहानें बोलतों. कारण येथें उशीर झाला तर तो भरून काढतां येत नाहीं. कॉलेजांत एन्. सी. सी. करून ज्यानें 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणींत मिळविलें आहे, आणि ज्याला पदवीस किमान शेंकडा ५० गुण आहेत, त्याला लेखी परीक्षा न देतां अर्जाच्या छाननीनंतर थेट निवड मंडळापुढें जाण्याची सोय आहे. वय १९ ते २५. मुलींसही ही सोय आहे. परंतु 'सी' प्रमाणपत्राला कॉलेजांतलीं तीन वर्षें लागतात. म्हणजे जो पहिल्या वर्षींच नांव नोंदवीत नाहीं, त्याला तिसऱ्या वर्षीं कितीही हळहळ वाटली तरी उपयोग नाहीं. जूनमध्यें कॉलेजांत पाऊल ठेवतांच तुमच्या कॉलेजांत एन्. सी. सी. आहे काय, आणि नोंदणी कोणत्या दिवशीं आहे, हें विचारावें. कॉलेज निवडतांना देखील हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

याशिवाय अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठीं लष्कराच्या तांत्रिक शाखांत स्वतंत्र प्रवेश आहेत, आणि हवाई दल आपली स्वतःची प्रवेशपरीक्षा वर्षांतून दोनदां घेतें. त्यांच्या तपशिलांत आज शिरत नाहीं. तात्पर्य इतकेंच कीं, अठराव्या वर्षीं एक दरवाजा बंद झाला असें ज्यास वाटतें, त्याच्यासाठीं पंचविसाव्या वर्षापर्यंत आणखी दोन-तीन दरवाजे उघडे असतात.

आतां दुसरें उत्तर: "कॉलेज सोडून क्लास लावावा लागतो." या समजुतीनें अनेक घरांचें नुकसान केलें आहे, म्हणून आम्ही स्पष्ट बोलतों. अर्ज भरणें म्हणजे कॉलेज सोडणें नव्हे. मुलगा पदवी अर्धवट टाकून शहरांत खोली घेतो, बाप धान विकून किंवा कर्ज काढून क्लासची फी भरतो. वर्ष जातें, परीक्षा हुकते. मग हातांत ना पदवी ना नेमणूक. ज्या दुसऱ्या व तिसऱ्या दरवाजाचें वर्णन आम्हीं केलें, त्या दोहोंची किल्ली पदवी हीच आहे. ती टाकून देणारा मुलगा एका दरवाजावर धडका मारण्यासाठीं बाकीचे आपल्या हातानें बंद करून घेतो.

तयारीस लागतें तें साहित्य महाग नाहीं. एन्. डी. ए. चें गणित अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांतलें आहे, सी. डी. एस्. चें गणित दहावीच्या पलीकडे फारसें जात नाहीं. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अर्जाची फी एन्. डी. ए. ला १०० रुपये आणि सी. डी. एस्. ला २०० रुपये अशी आहे. मुलींस व अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस ती माफ असते. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर निवड मंडळाच्या तयारीसाठीं राज्य शासनाचें छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिकरोड येथें आहे. महाराष्ट्रांतील पात्र उमेदवारांस तेथें निवास, भोजन व प्रशिक्षण विनामूल्य मिळतें. त्याची चौकशी भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत करावी. तें कार्यालय केवळ माजी सैनिकांसाठींच आहे असा समज धरून दारावरून परत फिरूं नये.

ज्यांचे धाकटे बंधु वा भगिनी अजून दहावींत आहेत त्यांच्यासाठीं आणखी एक सोय सांगून ठेवतों. छत्रपति संभाजीनगर येथें राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांस एन्. डी. ए. साठीं तयार करीत आली आहे, आणि मुलींसाठीं तशीच संस्था नाशिक येथें २०२३ मध्यें सुरू झाली. थोरल्यास जी माहिती उशिरा मिळाली ती धाकट्यास वेळेवर मिळावी, हें थोरल्याचें कर्तव्य आहे.

तिसरें उत्तर: "तें मोठ्या घरच्या मुलांसाठीं आहे." हें उत्तर भीतीचें आहे, आणि भीति माहितीनेंच कमी होते. निवड मंडळाचें काम पांच दिवस चालतें. पहिल्या दिवशीं बुद्धिमापनाची चांचणी होते, व एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात; त्यांत न टिकलेले त्याच दिवशीं परततात. पुढें मानसिक चांचण्या येतात. एकामागून एक साठ शब्द दाखवितात, आणि प्रत्येक शब्दावर पंधरा सेकंदांत मनांत येईल तें वाक्य लिहावयाचें असतें. साठ प्रसंग देऊन, अशा वेळीं तुम्ही काय कराल, असें अर्ध्या तासांत विचारतात. मग मैदानावर आठ-दहा जणांच्या तुकडीस फळ्या, दोर व पिंपें देऊन अडथळा ओलांडावयास सांगतात. एक स्वतंत्र मुलाखत होते. शेवटच्या दिवशीं सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय देतात.

या सगळ्यांत ते काय पाहतात? कोणाचा कोट भारी आहे हें नव्हे. हा मुलगा इतरांस बरोबर घेऊन चालतो काय. योजना फसल्यावर चिडतो कीं दुसरी योजना काढतो. दुसऱ्याची चांगली सूचना मानतो काय. आणि जें बोलतो तें त्याच्या वागण्याशीं जुळतें काय, हें ते पाहतात. म्हणून पाठ केलेलीं उत्तरें तेथें टिकत नाहींत. रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नसतांना ज्यानें चार घरांचीं माणसें जमवून काम उरकलें आहे, पुराच्या वेळीं ज्यानें शेजाऱ्याचें धान्य उंचावर हलविलें आहे, गांवच्या सोहळ्यांत ज्यानें पंगतीची व्यवस्था सांभाळली आहे, त्यानें या गुणांचा अभ्यास नकळत केलेलाच आहे. तो त्यास सांगतां आला पाहिजे, एवढेंच. शुभवर्तमानांतला शताधिपति आपणांस परिचित आहे. त्याच्या हाताखालीं शिपाई होते, आणि तो स्वतःही वरिष्ठांच्या अधिकाराखालीं होता. ज्याला आज्ञा पाळतां येते त्यालाच ती देतां येते, हें अधिकारीपणाचें मूळ आहे. तें घराच्या श्रीमंतीवर अवलंबून नाहीं.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, आणि ती आम्ही लपवीत नाहीं. लेखी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत असतात, मराठींत नसतात. इंग्रजीचा स्वतंत्र भाग आहे, आणि पुढील सगळें शिक्षण इंग्रजींतूनच होतें. यावर उपाय एकच: रोज एक तास. एक इंग्रजी वर्तमानपत्र चार मित्रांनीं मिळून घ्यावें, त्यांतला एक उतारा मोठ्यानें वाचावा, आणि त्याचा आशय आपल्या शब्दांत इंग्रजींत सांगावा. पहिले दोन महिने हंसूं येईल. तिसऱ्या महिन्यांत तें थांबेल. आपल्याच विदर्भांतले, नागपुरांत शिकलेले जनरल मनोज पांडे एन्. डी. ए. मधून सैन्यांत गेले आणि २०२२ ते २०२४ या काळांत देशाचे लष्करप्रमुख होते. नागपूर येथून कांहीं परदेश नव्हे.

शरीराविषयींही दोन शब्द. धांवण्याची संवय आपल्या मुलांस आहे, ती उत्तम आहे. परंतु डोळे, कान, दांत व पाय यांची तपासणी अर्ज भरण्यापूर्वींच एखाद्या जाणत्या डॉक्टरकडून करून घ्यावी. रंग नीट न ओळखणें किंवा तळवे सपाट असणें यांसारख्या गोष्टी शेवटच्या वैद्यकीय तपासणींत आडव्या येऊं शकतात. कांहीं दोष उपचारानें सुधारतात. त्यांस वेळ मिळाला पाहिजे. हौसेखातर अंगावर गोंदवून घेणें तरुणांनीं टाळावें. त्याविषयींचे नियम कडक आहेत.

आतां आईबापांशीं बोलतों. आपल्या मनांतली भीति आम्ही जाणतों, आणि ती खोटी आहे असें म्हणणार नाहीं. सैनिकाचें काम जिवावरचें आहे. प्रशिक्षणांतही दुखापती होतात. ज्या कॅडेटांस प्रशिक्षणांतील इजेमुळें प्रबोधिनी सोडून घरीं परतावें लागलें, त्यांच्या हालांची ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली. हेंही आपणांस ठाऊक असावें. मुलास या वाटेवर पाठवावयाचें तर डोळे उघडे ठेवून पाठवावें. केवळ गणवेषाच्या ऐटीस भुलून नव्हे.

साताऱ्याकडचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं काश्मीरांत कुपवाडा भागांत धारातीर्थीं पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनीं निवड मंडळाची परीक्षा उत्तीर्ण केली, चेन्नईच्या प्रबोधिनींत प्रशिक्षण घेतलें, आणि सप्टेंबर २०१७ मध्यें त्या लष्करांत अधिकारी झाल्या. या सेवेचें मोल काय द्यावें लागतें, हें त्यांच्याइतकें कोणास कळलें असेल? तें सर्व जाणून त्यांनीं ती स्वीकारली. मुलानें किंवा मुलीनें जाणून-समजून निर्णय घेतला असेल, तर आईबापांनीं त्याला अश्रूंनीं अडवूं नये; आणि जाणून घेतलेला नसेल, तर त्याला प्रश्न विचारून जागें करावें.

पैशाविषयीं इतकें सांगतों. एन्. डी. ए. मधील मुख्य खर्च सरकार करतें. पालकांवर हातखर्चासारखा किरकोळ भार राहतो, आणि ज्यांचें उत्पन्न थोडें आहे त्यांस त्यासाठींही अर्ज करून साहाय्य मिळतें. पुढें डेहराडून किंवा चेन्नई येथील प्रशिक्षणाच्या काळांत सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबानें दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन ठरलेलें आहे. म्हणून शेत गहाण टाकून या वाटेवर जावें लागतें असें कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. निवड पैसे देऊन करून देतों असें म्हणणाऱ्यास तर उंबऱ्याच्या आंत घेऊंच नये.

शेवटीं अपयशाविषयीं. निवड मंडळापुढें जाणाऱ्यांपैकीं बहुतेकांची शिफारस होत नाहीं. हें आधींच समजून जावें. ज्याची होत नाहीं तो नालायक ठरला असा त्याचा अर्थ नव्हे, आणि वय असेल तोंवर पुन्हां जातां येतें. डॉ. अब्दुल कलाम अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन हवाई दलाच्या निवडीसाठीं डेहराडूनला गेले होते. पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा आला, आणि जागा आठ होत्या. त्यांच्या हातांत शिक्षण होतें, म्हणून त्यांची वाट तेथें संपली नाहीं. पुढें त्या वाटेनें ते कोठवर गेले हें सर्वांस ठाऊक आहे. कॉलेज सोडूं नका, असें आम्ही वारंवार म्हणतों तें याचसाठीं. पदवी ही यशाच्या वेळीं किल्ली आहे, आणि अपयशाच्या वेळीं आधार आहे.

या ज्युबिलीच्या वर्षांत आपल्या धर्मग्रामानें तीन लहान कामें अंगावर घ्यावीं, अशी आमची विनंति आहे. पहिलें, सभागृहाच्या एका कोपऱ्यांत एक टेबल, कांहीं पाठ्यपुस्तकें आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र ठेवावें, आणि तें सर्व गांवच्या मुलामुलींसाठीं खुलें असावें. दुसरें, ज्या महिन्यांत या परीक्षांच्या जाहिराती निघतात त्या महिन्यांत एक रविवार ठरवून, ज्यांस संगणकाचें ज्ञान आहे त्यांनीं इतरांचे अर्ज भरून द्यावे. जन्मतारीख व नांव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेंच लिहिलें आहे कीं नाहीं, हें दोघांनीं वाचून पाहावें. तिसरें, जो निवड मंडळापुढें जाऊन येईल, तो यशस्वी होवो वा न होवो, त्याला बोलावून त्याचा अनुभव इतरांनीं ऐकावा. न निवडलेल्या मुलास गप्प राहावें लागूं नये. त्याच्या अनुभवाइतकें उपयोगी पुस्तक दुसरें नाहीं.

तरुणांनो, आज घरीं गेल्यावर एकच काम करा. आपली जन्मतारीख कागदावर लिहा. त्याखालीं तीन तारखा लिहा: साडेएकोणीस वर्षें केव्हां पूर्ण होतात, चोवीस केव्हां, आणि पंचवीस केव्हां. तुमच्यासाठीं कोणता दरवाजा किती दिवस उघडा आहे, हें तो कागदच तुम्हांस सांगेल. तो कागद आईबापांना दाखवा, आणि त्यांच्याशीं बसून बोला. कोणी कोणत्याही मार्गानें जावो, तो मार्ग माहितीच्या उजेडांत निवडलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

 परमेश्वर आपल्या मुलामुलींस सद्बुद्धि, धैर्य व आरोग्य देवो.